मागे कोण घेणार? चौथीतला एक मुलगा, एक रिक्षा आणि रस्त्यावरचा राग: प्रकरण अभ्यास

हे प्रकरण मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातलं आहे. मुलगा नऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकणारा. वडील रिक्षा चालवतात. आई बचतगटाचं काम पाहते आणि घरातली स्कूटर तीच वापरते. मोठी बहीण आठवीत. आजोबा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. मी त्या मुलाची वर्गशिक्षिका. घरच्यांनी लिहायला होकार दिला आहे आणि घर ओळखू येईल असा तपशील मी ठेवलेला नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्याच आठवड्यात हा मुलगा सायकलवरून पडला. शाळेकडून वाडीत जाणारा रस्ता चांगलाच उताराचा आहे, खाली काटकोनात वळतो आणि वळणावरच चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे. वर्गातला दुसरा मुलगा त्याला मागे टाकून पुढे गेला. याने पाठलाग केला, वळण साधलं नाही आणि तो थेट गडग्यावर आदळला. उजवं मनगट मोडलं. डोकं थोडक्यात वाचलं.

डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी त्याला एकच सांगितलं, सायकल हळू चालव. पण हळू चालवणं त्याला येत होतंच. ब्रेक धड होते, उतार रोजच्या पायाखालचा होता आणि वळण कुठे आहे हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मी घरी बघायला गेले तेव्हा विचारलं, तो पुढे गेला तेव्हा तुला काय वाटलं? त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "बाई, त्येणा कट मारल्यान. वर माझ्याकडे बघून हसलो. मगे मी तेका सोडणार नाय होतंय."

नऊ वर्षांचं मूल असं बोलतं तेव्हा ते त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं.

पाणंदीतला तिढा

आमच्या वाड्यांतले बरेच रस्ते मुळात पाणंदी. पायवाटेच्या झाल्या बैलगाडीच्या वाटा, मग त्यांच्यावर डांबर पडलं, पण दोन्ही बाजूंचे गडगे होते तिथेच राहिले. समोरून चारचाकी आली की दोघांपैकी एकाला एखाद्या घराच्या तोंडापर्यंत मागे जावंच लागतं. वर्षभर हे निभतं, कारण येणारा-जाणारा ओळखीचा असतो. एक हात वर करतो, दुसरा मागे घेतो. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात मात्र फोनवरचा नकाशा बघत तारकर्ली-देवबागकडे निघालेल्या पाहुण्यांच्या गाड्या या पाणंदींत शिरतात आणि तिढा पडतो.

सुट्टीत मुलाच्या वडिलांची रिक्षा अशाच एका पाणंदीत मोठ्या गाडीसमोर अडकली. रिक्षात दोन प्रवासी होते, आणि मुलगा पुढे, वडिलांच्या सीटवर टेकून बसलेला. रिक्षाच्या मागे मोकळी जागा जवळ होती. गाडीच्या मागे ती लांब होती. पण समोरच्याने आधी हॉर्न दाबून धरला, अप्पर मारला, आणि वडिलांनी इंजिनच बंद करून टाकलं. मग बाचाबाची, शिव्या, गडग्यावरून डोकावणारी माणसं. शेवटी शेजाऱ्यांनी हात दाखवत दाखवत त्या गाडीला मागे नेलं.

एवढ्यावर संपलं असतं तर मुलगा ते कदाचित विसरलाही असता. पण तो किस्सा पुढे कित्येक संध्याकाळी पडवीत सांगितला गेला. कोणी आलं की नव्याने. प्रत्येक वेळी समोरचा जरा जास्त मुजोर आणि वडील जरा जास्त ताठ. मुलगा तो ऐकत राहिला. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हेच: रस्त्यावरचं वागणं मूल गाडीत बसून बघतं तेवढंच, किंवा त्याहून जास्त, ते घरी त्याची कथा कशी सांगितली जाते त्यातून शिकतं. घडलेलं वीस मिनिटांचं असेल, पण त्याची उजळणी महिनाभर चालते. कोणत्याही पाठाची एवढी उजळणी मी वर्गात घेत नाही.

शाळेच्या मैदानावर त्याचं रूप दिसलंच. मधल्या सुट्टीत मुलं गाडी-गाडी खेळायची. दगडांच्या दोन रांगा म्हणजे पाणंद, दोन मुलं दोन टोकांनी येणार, समोरासमोर थांबणार, तोंडाने हॉर्न वाजवणार. जो मागे जाईल तो हरला. हा मुलगा कधीच मागे जात नसे.

आधी काय शिकवायचं

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. मृतांपैकी ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची. साधारण ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या कारणाखाली नोंदले आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे. हे आकडे वाचताना मला आमच्या उतारावरचा मुलगा आठवतो. त्याच्याही नावापुढे 'अतिवेग' लिहिता आलं असतं. पण वेग वाढला तो समोरचा हसला म्हणून, आणि त्यासाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो.

हवाई विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लिऑन जेम्स यांनी चालकाच्या मनावर दीर्घकाळ काम केलं. त्यांच्या मांडणीत गाडी चालवण्याचे तीन थर आहेत: आत उठणारी भावना, त्यावर मनात चालणारा विचार, आणि हात-पाय-डोळ्यांनी होणारी कृती. आपल्याकडचं शिकवणं तिसऱ्या थरावर सुरू होतं आणि तिथेच संपतं. क्लच, गिअर, आठचा आकडा, लायसन्स. पहिले दोन थर तोवर कुणीतरी शिकवून ठेवलेलेच असतात. जेम्स यांचा आग्रह असा की हे शिक्षण बालवाडीपासून सुरू व्हावं आणि लहान वयात आधी भावनांवर काम व्हावं. मला हे पटतं, कारण आमच्याकडे मूल दीड-दोन वर्षांचं झालं की स्कूटरवर पुढे उभं राहतं. चालवणाऱ्याचा श्वास, हँडलवरचे हात, तोंडातले शब्द, सगळं त्याच्या कानाशी असतं. अठराव्या वर्षी लायसन्स मिळेपर्यंत त्याचा हा अभ्यास पूर्ण झालेला असतो. इस्रायलमध्ये ओरित ताउबमन-बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी पालकांची आणि त्यांच्या तरुण मुलांची गाडी चालवण्याची धाटणी ताडून पाहिली, तेव्हा दोन्हींत साम्य निघालं. आमच्या गावात कुणाही म्हाताऱ्याला विचारलं तरी तो हेच सांगेल.

पुस्तकातली वाहतूक चिन्हं आम्ही शिकवतो, त्याला माझा विरोध नाही. पण जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात मुलांना नाटुकलं बसवायला सांगितलं की काय होतं ते बघण्यासारखं आहे. सगळ्यांना पोलीस व्हायचं असतं. शिट्टी हातात आली की याच मुलाचा आवाज चढतो, तो पहिलीतल्या पोरांना दटावतो, दंड करतो. वाट बघणारा चालक व्हायला कुणी तयार नसतं. नियम पाठ असूनही राग जिथल्या तिथे राहतो, त्याला फक्त गणवेश मिळतो.

पडवीतलं बोलणं

प्लास्टर निघायच्या आधी मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. आजोबा, आई-वडील, दोन्ही मुलं, सगळे पडवीत. मी मैदानावरचा खेळ सांगितला, तेव्हा वडील आधी हसले, मग गप्प झाले.

त्यांचं म्हणणं मी इथे जसंच्या तसं ठेवते, कारण ते नीट ऐकल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. "बाई, तुमी शाळेत शिकवतास ता बरोबर. पण रस्त्यार गप ऱ्हवलंय तर कोण साईड देणत नाय. आणि गाडयेत पावणे बसलले. तेंच्यासमोर मी मागे कशी घेव?"

यात दोन गोष्टी आहेत. दुसरी लाजेची, आणि ती त्यांनी स्वतःहून सांगितली. पहिलीमागे काय आहे ते आईने उलगडलं. सकाळी दोन-चार मुलांना शाळेत सोडून वडिलांना कणकवलीहून येणारी एसटी नाक्यावर लागायच्या आत तिथे पोचायचं असतं. उशीर झाला की भाडी दुसऱ्या रिक्षांना. म्हणजे रोजची सकाळ घाईने सुरू, आणि त्या घाईत पाणंदीत कुणीही समोर आला तरी तो भाडं हिरावणाराच वाटणार. चालकाला शांत राहा म्हणणं सोपं आहे. त्याच्या पोटापाण्याचं वेळापत्रक बघितल्याशिवाय तो सल्ला पोकळ ठरतो. आईने तिथल्या तिथे ठरवलं, मुलं पाव तास आधी उठतील आणि रिक्षा पंधरा मिनिटं लवकर निघेल. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा बदल हाच आणि तो मानसशास्त्राचा म्हणताही येणार नाही.

आजोबा तोवर ऐकत होते. एसटीत त्यांनी वस्तीच्या गाड्या चालवल्या, रात्रीच्या, घाटातल्या. मी विचारलं, तुम्हाला राग यायचा नाही का? म्हणाले, "येयचो तर. पण माझ्या मागे पन्नास माणसां बसलेली. माझो राग तेंका कित्याक?" मग मुलाकडे वळून म्हणाले, "पुढे कोण पण जाता रे. मागे घेवक हुशारी लागता."

मुलाने विचारलं, मागे घेताना काय करायचं असतं? पुढचा अर्धा तास आजोबांनी ते सांगितलं: कंडक्टर खाली कसा उतरायचा, पत्र्यावर थाप कशी मारायचा, मागच्या चाकाकडे आधी बघायचं की आरशात. वडीलही त्यात सामील झाले. चढावर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमावलीतही आहे. तो दोघांना माहीत होता. त्या दिवशी पाणंदीत चढाव कुणाला होता, हे मात्र मी विचारलं नाही.

घंटी

रस्त्यावर वडिलांचा आवाज चढला की मुलाने काय करायचं, हा प्रश्न उरला. "बाबा, सावकाश" असं बहीण पूर्वी म्हणायची. त्याने भडका उडायचा. चौदा वर्षांच्या मुलीने प्रवाशांसमोर बापाला शिकवलेलं कुणाला चालेल? म्हणून असं काहीतरी हवं होतं ज्यात मूल फक्त स्वतःचं सांगेल, आणि ऐकणाऱ्याला तो उपदेश वाटणार नाही.

उपाय घरातच होता. एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. चालकाच्या मुलाला हे आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. आजोबांनी मोडक्या सायकलची घंटी काढली आणि रिक्षात मागच्या सीटसमोरच्या दांडीला बसवली. ठरलं ते एवढंच: मुलगा यापुढे मागे बसेल. भीती वाटली की एक घंटी. बरं वाटलं की दोन. सोबत शब्द नाही. एक घंटी झाली की वडिलांनी उत्तर द्यायचं नाही, फक्त रेस सोडायची.

पहिले काही दिवस त्याने ती वडापावच्या गाडीसमोरही वाजवली. हातात सत्ता आल्यावर पोलीस झालेला तोच मुलगा होता तो. वडिलांनी यावर स्वतःच तोड काढली, आणि मला ती फार आवडली. घंटी वाजली की घरी गेल्यावर मुलाने सांगायचं, भीती अंगात कुठे वाटली. पोटात, घशात, की तळपायाला. ज्याला हे सांगता येणार नाही त्याची घंटी खोटी. काही दिवसांतच मुलगा बारकाईने सांगायला लागला. पोटात आधी, मग कानात गरम. सायकलवर त्या दिवशी काय झालं होतं तेही त्यातूनच बाहेर आलं: कान गरम झाले, मग समोरचा मुलगा सोडून दुसरं काही दिसेना. वळणसुद्धा.

भावनेला शब्द दिला की तिचा जोर कमी होतो, याला प्रयोगाचाही आधार आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी अमिग्डला या मेंदूतल्या भागाची प्रतिक्रिया उतरते. प्रयोगशाळेतली ती गोष्ट रिक्षात तशीच्या तशी लागू होते असं मी म्हणणार नाही. पण ज्या मुलाला कान गरम झालेले कळतात, त्याच्याकडे ब्रेक दाबायला एक क्षण जास्त असतो. उतारावर एक क्षण म्हणजे पुष्कळ.

किस्सा पुन्हा

आईने आपल्या परीने एक गोष्ट सुरू केली. रस्त्यावरचं भांडण घरी सांगायचं असेल तर समोरच्याच्या डोक्यात काय चाललं असेल तेही सांगायचं. वडिलांनी ते उडवून लावलं. मग एका संध्याकाळी पाणंदीचा किस्सा पुन्हा निघाला आणि मुलगाच म्हणाला, "तेका मागे घेवक येत नसात."

सगळे हसले. वडील हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "खरा हा. घाम फुटललो तेका."

हा घाम त्यांनी त्या दिवशीच पाहिला होता. इतक्या वेळा किस्सा सांगितला, त्यात तो कधी आला नव्हता. दोन्ही बाजूंना गडगे, मागे वळण, गाडीत बायकामुलं, आणि हातात नवी मोठी गाडी असलेला शहरातला माणूस. तो घाबरला होता आणि हॉर्न दाबून बसला होता. वडिलांना लाज वाटत होती आणि त्यांनी इंजिन बंद केलं होतं. दोघांच्याही वर दिसला तो फक्त राग. मला वाटतं, मुलांना रस्त्याचं मन शिकवायचं तर हेच शिकवावं: दिसणाऱ्या रागाच्या खाली बहुतेक वेळा दुसरं काहीतरी असतं, स्वतःच्याही आणि समोरच्याच्याही.

वर्गात

एका घरापुरतं हे राहू नये म्हणून चौथीच्या वर्गात आम्ही त्यातलं काही घेतलं. दगडांच्या पाणंदीचा खेळ मोडला नाही. फक्त जिंकण्याची अट बदलली: दगडाला पाय न लावता जो मागे जाऊन दाखवेल तो जिंकला. आजोबा एकदा मैदानावर येऊन हात दाखवत उभे राहिले. त्यानंतर मागे जाण्यासाठी मुलांची भांडणं सुरू झाली.

दुसरा खेळ अंदाजाचा. रस्त्यावरून गाडी जोरात गेली की तिच्यातल्या माणसाला घाई का असेल याची तीन कारणं सांगायची. पहिलं कारण जवळपास नेहमी "माज" हे असायचं. दुसऱ्या-तिसऱ्यापर्यंत पोचताना मुलं विचार करतात. दवाखाना, चुकलेली गाडी, पोटात कळ, बर्फाविना मासळी. या खेळात त्या माणसाला माफ करायचं नसतं. चुकीचा वेग चुकीचाच, आणि तेही मुलं स्पष्ट बोलतात. पण माज आणि पोटातली कळ यांना आपण देतो ते उत्तर वेगळं असतं.

तिसरं काम अंतराचं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. ते आम्ही मैदानावर टेपने मोजलं आणि चुन्याची रेघ मारली. चालकाला दिसायला आणि पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी तिथवर येते. एक मुलगी रेघेवर जाऊन उभी राहिली आणि सुरुवातीच्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली. याच वयाच्या मुलांबद्दल लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांना असं आढळलं होतं, की ताशी ३२ किलोमीटरहून जास्त वेगाने येणारी गाडी त्यांना येताना नीट कळत नाही. त्यात मुलांचा निष्काळजीपणा नसतो. नजर अजून तयार झालेली नसते. म्हणून "बघून रस्ता ओलांड" एवढं सांगून पालकांनी निर्धास्त होऊ नये, हे मी पालकसभेत ठासून सांगितलं. जर्मनीत साधारण याच इयत्तेत मुलांची सायकलची लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा होते. आपल्याकडे त्या वयात मुलं स्कूटरची रेस फिरवून बघत असतात.

जत्रा

आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत आमच्या भागातले रस्ते माणसांनी आणि गाड्यांनी भरून वाहतात. रिक्षावाल्यांसाठी ते वर्षातले कमाईचे दिवस. मुलाला त्या रात्री वडिलांनी सोबत नेलं नाही. मसुऱ्याच्या रस्त्यावर एका जीपवाल्याशी त्यांची झटापट झाली, रिक्षाचा आरसा गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे घरी सांगितलं. सांगण्यात पहिली शिवी आपण दिली हेही होतं. मुलाने विचारलं, अंगात कुठे वाटलं? ते म्हणाले, डोक्यात, आणि सकाळपासून जेवलो नव्हतो. मुलगा हे मला शाळेत येऊन सांगत होता तेव्हा त्याच्या आवाजात विजयाचा सूर नव्हता, आणि वडिलांबद्दल लाजही नव्हती.

वडील बदलले का, असं मला विचारतात. सकाळच्या वेळी, मुलं मागे असताना, नक्कीच. एकटे असताना आणि कमाईच्या दिवशी, फार नाही. मुलगा मात्र बदललेला दिसतो. मनगट बरं झाल्यावर तो पुन्हा सायकल चालवू लागला. त्याच उतारावर त्याच मित्राने त्याला पुन्हा मागे टाकलं, तेव्हा तो थांबला, उतरला आणि सायकल हातात धरून वळणापर्यंत चालत गेला. मित्राने चिडवलं. घरी येऊन आजोबांना म्हणाला, "कान गरम झालले." आता तो पाचवीत, एसटीने हायस्कुलात जातो. त्याच्या नव्या वर्गशिक्षकांना मी एवढंच कळवलं, की त्याला वाहतूक पोलीस करण्यापेक्षा लहान मुलांना रस्ता ओलांडून द्यायला सोबत न्या. हात धरताना तो फार सांभाळून वागतो.

स्कूटरचा प्रश्न

घरातला एक गुंता अजून सुटलेला नाही आणि तो बहिणीचा आहे. बचतगटाचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आणि कोकमं नाक्यावरच्या दुकानात पोचवायची असतात. आई कामात असली की बहीण स्कूटर घेऊन जाते. वाडीतल्या मैत्रिणींना मागे बसवते. यात गावाला काही वावगं वाटत नाही. "आमच्याकडे कोण पकडता?" असं आई म्हणाली, आणि ते खरंही आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीपुरतं आहे. घरोघरच्या स्कूटर त्याहून मोठ्या इंजिनाच्या असतात. हे मी आईला समजावून सांगितलं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, हेही तिला नवं होतं. त्याच महिन्यात मुलासाठी त्याच्या मापाचं हेल्मेट आलं.

पण मुलीशी बोलताना कायदा पुरत नाही. तिला मी दुसरी गोष्ट सांगितली. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली संगणकावरच्या गाडीच्या खेळातून दाखवलं, की सोबत मित्र असले की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा जास्त धोका पत्करतात. प्रौढांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. ती लगेच म्हणाली, मैत्रीण मागे असली की मी जोरात जाते, हे खरं आहे. कुणी सांगितलं म्हणून जाते का, असं विचारल्यावर म्हणाली, नाही, ती गप्प असली तरी. एवढं स्वतःबद्दल ओळखणारी मुलगी अठराव्या वर्षी चांगली चालक होईल असं मला वाटतं. त्याला अजून चार वर्षं आहेत.

सध्या असं ठरलं आहे की चावी आजोबांकडे राहील आणि आगळाच्या बाटल्या सकाळच्या पहिल्या फेरीत रिक्षातून जातील. मे महिन्यात पाहुण्यांची गर्दी असेल तेव्हा रिक्षाला ती फेरी जमणार नाही, हे आईने आत्ताच सांगून ठेवलं आहे. त्या महिन्यासाठी गटातल्या दुसऱ्या एका बाईची गाडी मिळते का, ते बघायचं काम तिने आणि मी वाटून घेतलं आहे.